नुसता एक्स-रे काढायला दोन वर्षं?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या पेपरात ‘बारावीनंतर काय’ म्हणून अख्खं पान आलं होतं ते मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. इंजिनिअरिंग होतं, नीट होतं, सीए होतं, हॉटेल मॅनेजमेंट तर फोटोसकट होतं, आणि पॅरामेडिकलला खाली कोपऱ्यात चार ओळी, त्यातसुद्धा ‘एक्स-रे ऑपरेटरसारखे छोटे कोर्स’ असं. राग नाही आला, सवय आहे. १९८४ ते २०२२ मी तेच काम केलंय, इथे इंदुरातल्याच एका सरकारी हॉस्पिटलात, आणि सासरच्या गोतावळ्यात माझी ओळख कायम ‘ती एक्स-रेवाली’ एवढीच. पण यावेळी लिहायला बसले कारण आता माझी सून तेच शिकतेय, अमेरिकेत, तिथल्या कम्युनिटी कॉलेजात, आणि मी पाच महिने तिच्याकडे राहून सगळं जवळून बघून आलेय, आणि आल्यापासून जो भेटेल तो मला एकच प्रश्न विचारतोय.

रामबागेत एक मुंज होती. पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी जिलेबी मोडता मोडता विचारलं, काय हो, सून तुमची बीकॉम ना, फर्स्ट क्लास, मग हे दोन वर्षांचं कसलं कॉलेज, आयटीआयसारखं का? मी म्हटलं असोसिएट डिग्री म्हणतात, रेडिओग्राफीची. त्यावर त्या म्हणाल्या, अगंबाई, नुसता एक्स-रे काढायला दोन वर्षं? समोर बसलेली माझी पुण्याची नणंद म्हणाली की त्याला ज्युनिअर कॉलेजपण म्हणतात ना, म्हणजे आपलं अकरावी-बारावी. सगळे हसले, मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही.

तर आधी नणंदेचं उत्तर. ज्युनिअर कॉलेज हे नाव तिथे होतं आणि काही ठिकाणी अजूनही आहे, शिकागोजवळ जोलिएट म्हणून गाव आहे तिथलं ज्युनिअर कॉलेज १९०१ साली ६ मुलांवर सुरू झालं आणि तेच तिथलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज मानतात. आपल्या अकरावी-बारावीशी त्याचा संबंध नाही, शाळा संपल्यावरची पहिली दोन वर्षं म्हणजे कम्युनिटी कॉलेज. तिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाऊन चार वर्षांची डिग्री पूर्ण करता येते, नाहीतर एखाद्या कामाची असोसिएट डिग्री घेऊन थेट नोकरीला लागता येतं. फी त्या भागात राहणाऱ्यांना बरीच कमी असते, सरासरी वर्षाला ४ हजार डॉलरच्या आसपास, आणि बाहेरच्या राज्यातल्याला किंवा परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला तीच फी कितीतरी पट. वर्गात अठरा वर्षांचं पोरही असतं आणि दोन मुलांची चाळिशीतली आईपण असते, रात्री कुठेतरी ड्यूटी करून सकाळी लेक्चरला आलेला माणूसही असतो. सुनेच्या बॅचमध्ये एक जण आधी ट्रक चालवायचा म्हणे. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

आणि हो, तिथे पॅरामेडिकल म्हणू नका. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी ओळख करून देताना सांगितलं की माझ्या सासूबाई पॅरामेडिकलमध्ये होत्या, तर वर्गाला वाटलं मी अँब्युलन्समधून जायचे. तिकडे पॅरामेडिक म्हणजे अँब्युलन्सवाला. आमच्या कामाला म्हणतात अलाइड हेल्थ, त्यात एक्स-रे, सोनोग्राफी, लॅब, श्वासाचं मशीन सांभाळणारे, फिजिओथेरपीचे असिस्टंट, दातांची सफाई करणारे, हे सगळे आले. आपल्या मध्य प्रदेश सरकारच्या कागदावर ‘सह-चिकित्सीय’ असं भारदस्त नाव आहे आणि बोलताना मात्र ‘ए एक्स-रेवाली मॅडम, जल्दी करो’.

सून तिथे एच-फोर व्हिसावर गेली, म्हणजे नवरा नोकरीवाला आणि ही घरात. शिकायला परवानगी असते, पगाराची नोकरी करायची तर वेगळं कार्ड लागतं. तीन वर्षं घरात बसून बसून ती कंटाळली, अकाउंट्सचं परत काही करावं म्हणत होती, मग एक दिवस फोनवर मला म्हणाली, आई, तुम्ही जे करायचात ते इथे शिकवतात. मला खरं सांगायचं तर आनंद झालाच नाही. मी म्हटलं, अगं ते कशाला, हात काळे करायचं काम, दुसरं काहीतरी बघ. म्हणजे बघा, मुंजीतल्या बाईंना काय नावं ठेवायची, मी स्वतःच तेच बोलले होते.

मग कळलं की नुसतं नाव नोंदवलं आणि वर्गात बसलं असं नसतं. कॉलेजला प्रवेश सगळ्यांना, पण या कोर्सला सीट मोजक्या आणि त्यासाठी आधी वेगळे विषय पास व्हावे लागतात. तिला ॲनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन भाग लॅबसकट, गणित, इंग्रजी लिहायचा एक पेपर आणि मेडिकल टर्मिनॉलॉजी एवढं आधी करावं लागलं, बीकॉमच्या मार्कशीटा अमेरिकन हिशोबात तपासून घेतल्या त्यातून थोडे क्रेडिट माफ झाले पण शास्त्राचं काही नव्हतंच त्यामुळे तिथे सूट नाही. या सगळ्यातच तिचं वर्ष गेलं, म्हणजे दोन वर्षांची डिग्री खरी तीन वर्षांची आहे हे कुणी सांगत नाही. ॲनाटॉमीच्या लॅबमध्ये मांजर कापायला असते. आमच्याकडे अंडंसुद्धा घरात येत नाही, तिचं माहेरही तसलंच, आणि रात्री अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर ती सांगतेय की आई, आज मांजरीच्या मांडीचे स्नायू वेगळे केले, पहिल्या दिवशी बाहेर जाऊन उलटी केली आणि आता कात्री मीच मागून घेते. ह्यांनी जेवता जेवता फोन बंद करायला लावला.

सीट मिळाली तर पुढे पेशंटपाशी जायच्या आधी पोलीस रेकॉर्डची तपासणी, लघवीची ड्रग टेस्ट, टीबीची टेस्ट, हेपटायटिस बीचे डोस, फ्लूची लस आणि सीपीआरचं सर्टिफिकेट. आम्हाला १९८४ मध्ये काय विचारलं होतं माहितीय? बाई, अंधाराची भीती वाटते का?

कारण डार्क रूम. आजच्या पोरांना सांगून पटायचं नाही. कॅसेट, म्हणजे ज्यात एक्स-रेची फिल्म बंद असते ती चपटी पेटी, घेऊन आत जायचं, दार घट्ट लावायचं, लाल दिव्यात हाताच्या अंदाजानं फिल्म काढून हँगरला लावायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग पाणी, मग फिक्सर ज्याला आम्ही हायपोच म्हणायचो, मग परत पाणी आणि शेवटी दोरीवर वाळत. उन्हाळ्यात डेव्हलपर तापला की फिल्म काळीठिक्कर, मग बादलीत बर्फाची लादी टाकून थंड करायचा. नखं कायम तपकिरी. लग्नाकार्यात हात पदराखाली ठेवायची सवय मला तिथूनच लागली. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, ती काढणारा माणूस महिन्याला येऊन कॅन घेऊन जायचा आणि त्याचे पैसे कुठे जायचे हे विचारायचं नसायचं, असो. १९८९ मध्ये मुलगा पोटात होता तेव्हा मी तीन महिने कुणाला बोललेच नाही कारण बोललं की बदली स्टोअरला होणार हे माहीत होतं. मग मोठ्या टेक्निशियननीच ओळखलं आणि मला सगळा वेळ डार्क रूममध्ये टाकलं, तिथे किरणं नाहीत पण त्या हायपोच्या वासात दिवस भरले माझे. सुनेच्या पुस्तकात वाचलं की तिकडे बाईनं आपण होऊन लेखी कळवलं तर पोटातल्या बाळासाठी किरणांची वेगळी मर्यादा लावतात आणि त्यासाठी किरणं मोजणारा वेगळा बॅज देतात, कळवायचं का नाही हे मात्र तिच्या मर्जीवर. ते पान मी बराच वेळ उघडं ठेवलं होतं.

आता मी तिथे होते तेव्हाचं सांगते. शनिवार दुपार, मुलगा ऑफिसच्या कामात, बाहेर बर्फ, आणि सूनबाई डायनिंग टेबलवरचं सगळं उचलून मला म्हणाल्या, आई बसा, हात ठेवा. तिची सोमवारी हाताची टेस्ट होती. टेबलावर पेपरची घडी, ती कॅसेट. मोबाइलचा टॉर्च, ती किरणं सोडणारी ट्यूब. फोमचा एक तिरका तुकडा तिनं कापून घेतलेला, ४५ अंशाचा. मला आधी नाव विचारलं, मग जन्मतारीख. मी म्हटलं, अगं सासू आहे मी तुझी. ती म्हणाली, नाही आई, प्रत्येक वेळी दोन्ही विचारायचं, पेशंटच्या तोंडून, आपण वाचून दाखवायचं नाही. मग पंजा पालथा, टॉर्चचा मध्य मधल्या बोटाच्या मुळाशी. मग फोमवर तिरका, ऑब्लिक. मग लॅटरल, म्हणजे बाजूनं, त्यात बोटं पंख्यासारखी फाकवायची म्हणजे एकमेकांवर येत नाहीत. मनगटाचं स्कॅफॉइड हाड बघायचं तर पंजा करंगळीच्या बाजूला वळवायचा. हे सगळं मी चाळीस वर्षांपूर्वी शिकले होते पण सिनिअरच्या शिव्या खात, आणि का करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, हिला का ते माहीत होतं. तिनं खिशातून दोन छोट्या पट्ट्या काढल्या, एकीवर एल म्हणजे डावा, दुसरीवर आर म्हणजे उजवा, आणि दोन्हीवर तिच्या नावाची अक्षरं. शिशाच्या मार्कर. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाच्या मार्कर असतात, ज्या फोटोवर ती अक्षरं तो फोटो त्याचा, चूक झाली तर नाकारायची सोय नाही. आमच्याकडे आर-एलची एकच जोडी होती पूर्ण डिपार्टमेंटला आणि एल हरवला की आर उलटा लावून काम चालवायचे लोक, मी पाहिलंय.

रोंटगेननं ८ नोव्हेंबर १८९५ ला ही किरणं शोधली आणि डिसेंबरात बायकोचा हात धरून फोटो काढला, अंगठीसकट. इथे सुनेनं सासूचा धरला. माझ्या बोटांची संधिवाताची सूज बघून ती म्हणाली की आई हा जॉइंट मोकळा दिसणार नाही, आणि बरोबर होतं तिचं.

हॉस्पिटलातल्या शिकण्याला ते क्लिनिकल म्हणतात. आठवड्यात दोन-तीन दिवस, सकाळी साडेसहाला घरातून निघायची, डबा मीच द्यायचे, बहुतेक पोहे कारण इंदुरी माणूस जाईल तिथे पोहे. त्या दिवसांत काय काय करून बघायचं याची छापील यादी असते, ३५ हून जास्त प्रकारचे एक्स-रे प्रत्येकाला करावेच लागतात आणि त्याशिवाय काही आपल्या पसंतीचे, छाती, पोट, खुब्याचं हाड, स्ट्रेचरवरचा पेशंट, पोर्टेबल म्हणजे मशीनच पेशंटच्या खाटेपाशी नेऊन, लहान मूल, आणि प्रत्येकाला वरच्या माणसानं बघून सही केल्याशिवाय तो मोजत नाहीत. एका विद्यार्थ्यावर एक पास झालेला टेक्निशियन, चार पोरांना एक असं नाही. शिवाय रिपीटचा नियम. एकदा ती संध्याकाळी घरी आली ती तोंड पाडूनच. गुडघ्याचा लॅटरल काढला होता, त्यात मांडीच्या हाडाची खालची दोन टोकं एकावर एक यायला हवीत, तिची आली नाहीत, पाय थोडा जास्त वळला. आता परत काढायचा तर विद्यार्थ्याला एकट्यानं काढताच येत नाही, पास टेक्निशियन खोलीत येऊन शेजारी उभा राहायलाच हवा, विद्यार्थी कितीही हुशार असो. त्या बाई आल्या, शांतपणे उभ्या राहिल्या, पेशंटला सांगितलं की एक फोटो नीट आला नाही म्हणून परत घेतोय. सुनेला त्याचीच लाज वाटली होती, पेशंटसमोर सांगितलं म्हणून. मी तिला काही बोलले नाही. पण मला आठवलं की आम्ही रिपीट करताना पेशंटला काय सांगायचो, ‘एक और लेना पड़ेगा, डॉक्टर साब ने बोला है’. डॉक्टरसाहेबांना पत्ताच नसायचा.

परीक्षा कॉलेजची वेगळी आणि तिकडे एक्स-रेवाल्यांची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रीची वेगळी, एआरआरटी म्हणतात तिला, १९२२ पासून आहे. त्यात २०० प्रश्नांवर मार्क, पास व्हायला ७५ चा स्कोअर, तीन वर्षांत तीनच वेळा बसता येतं. पूर्वी सर्टिफिकेट कोर्सवरही बसता यायचं, २०१५ पासून निदान असोसिएट डिग्री तरी हवीच. बऱ्याच राज्यांत वरून राज्याचं लायसन्स. आणि पास झालं की संपलं असं नाही, दर दोन वर्षांत २४ क्रेडिटचं शिक्षण चालू ठेवल्याचं दाखवायला लागतं नाहीतर नाव खाली. आमच्या हॉस्पिटलात सीआर सिस्टिम आली, म्हणजे डार्क रूम जाऊन फोटो कॉम्प्युटरवर दिसायला लागला, तेव्हा कंपनीच्या मुलानं आम्हा सगळ्यांना मिळून एक दुपार दाखवलं, त्यातला अर्धा तास समोसा-चहा, तेवढ्यावर आम्ही डिजिटल झालो.

मला तिथली सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. कोर्सला मान्यता देणारी जी संस्था आहे, जेआरसीईआरटी, तिच्या नियमानं प्रत्येक कॉलेजला स्वतःच्या वेबसाइटवर लावावं लागतं की आमच्याकडे किती जणांनी कोर्स पूर्ण केला, किती पहिल्या फटक्यात रजिस्ट्रीची परीक्षा पास झाले, किती जणांना नोकरी लागली. सुनेनं ॲडमिशनच्या आधी तीन कॉलेजांचे आकडे काढून कागदावर शेजारी शेजारी लिहिले होते, बीकॉमवाली ना शेवटी. त्यात जे कॉलेज घरापासून जवळ होतं ते सोडून तिनं चाळीस मिनिटं लांबचं घेतलं.

आता इथलं सांगते आणि इथे मला खरं बोलायचंय. माझ्या भाचीची मुलगी, हुशार, बारावीला बायोलॉजी, नीटमध्ये जमलं नाही म्हणून मीच सांगितलं की एक्स-रेचा डिप्लोमा कर. इथल्या एका खाजगी कॉलेजात घेतला प्रवेश, नाव लिहीत नाही कारण एकट्या त्यांचंच असं नाही. दोन वर्षांचा कोर्स, पहिली परीक्षाच सव्वा वर्षानं झाली, निकाल त्याच्यापुढे सहा महिन्यांनी, पूर्ण व्हायला चार वर्षं लागली आणि फी मात्र वेळेवर, एक दिवस उशीर झाला तरी दंड. क्लिनिकल कुठे केलंस विचारलं तर म्हणाली, मावशीआजी, हॉस्पिटलचं नाव फाइलमध्ये आहे, आम्ही दोनदा गेलो, बाहेर बाकावर बसवलं, रजिस्टरवर दोन महिन्यांच्या सह्या एका दुपारी केल्या. मी तिला घरी बसवून विचारलं की छातीचा पीए, म्हणजे पाठीकडून किरणं सोडून, काढताना पेशंट ट्यूबपासून किती लांब? गप्प. सहा फूट, हे आमचा वॉर्डबॉयसुद्धा सांगायचा. डिप्लोमा आहे तिच्याकडे, लॅमिनेट केलेला. आता एका सेंटरवर काउंटरला बसून पावत्या फाडते आणि खरं सांगू, मला त्यातल्या त्यात बरं वाटतं की पेशंटला हात लावत नाहीये. पोरीचा दोष काहीच नाही. मी सांगितलं आणि मी चौकशी केली नाही, हे माझं ओझं आहे.

म्हणून जेव्हा लोक म्हणतात की दोनच वर्षांची डिग्री, तेव्हा मला वाटतं अहो वर्षं काय मोजताय, तास मोजा. आणि हे काही मी अमेरिकेतून शिकून आलेलं नाही, आपल्याच कायद्यात लिहिलंय. संसदेनं २०२१ मध्ये अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात दहा गटांत आमच्यासारखे सगळे व्यवसाय घातलेत, रेडिओलॉजी-इमेजिंगचा एक अख्खा गट आहे, आणि अलाइड हेल्थवाला म्हणजे कोण याची व्याख्याच अशी की ज्याचा डिप्लोमा किंवा डिग्री कमीत कमी २००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत केलेली. दोन हजार तास! रोजचे सहा तास धरले तरी सव्वातीनशेच्या वर दिवस होतात. भाचीच्या मुलीचे मी बोटांवर मोजले तर दोनशेच्या वर जाईनात. मध्य प्रदेशात सह-चिकित्सीय परिषदेचा कायदा तर २००० सालचा आहे, नोंदणी होते, नंबर मिळतो. पण बाकावर बसून केलेल्या सह्यांनासुद्धा नंबर मिळतो ना! तिथेच गाडी अडते. नर्सिंग कॉलेजांच्या मान्यतेच्या घोटाळ्याचं काय झालं ते आपल्याच पेपरात आपण वाचलंय, सीबीआयपर्यंत गेलं, तेव्हा मला वाटलं होतं आता आमच्याकडेही कुणी टॉर्च मारेल.

याचा अर्थ पोरांना उचलून अमेरिकेत पाठवा असा मुळीच नाही, उलटं सांगतेय. मी परत आले आणि कॉलनीतल्या एका मुलाची आई मला भेटायला आली, हातात रंगीत कागद. भंवरकुआंच्या बाजूला कुठल्याशा एजंटनं सांगितलंय की कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करा, एक्स-रेचा कोर्स, मग लगेच ७० हजार डॉलरची नोकरी, घर विकायची गरज नाही फक्त लोन. पगार खोटा नाही, तिथे रेडिओग्राफरला साधारण तेवढा किंवा थोडा जास्तच मिळतो. पण बाकीचं? मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि मुलाला तिकडे फोन लावून एक एक विचारून घेतलं. स्टुडंट व्हिसावर गेलेल्याला ती स्वस्त फी लागू होत नाही, परदेशी विद्यार्थ्याची वेगळी. कोर्सला सीट मिळेल याची हमी नाही, आधीचे विषय करत एक-दीड वर्ष जाऊ शकतं आणि तिथेही खर्च चालूच. डिग्री झाल्यावर साधारण एक वर्ष काम करायची परवानगी, पुढे एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा पाहिजे, आणि त्याला काम असं लागतं की ज्याला निदान बॅचलर डिग्री गरजेची, असोसिएटवरचं एक्स-रेचं काम त्यात बसत नाही. सुनेचं जमतंय ते नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत आलंय आणि त्यामुळे तिला २०१५ च्या नियमानं कामाचं कार्ड मिळालंय म्हणून, आणि तेसुद्धा रिन्यू होईपर्यंत जीव टांगणीला असतो. आणि हेही विचारलं की इथला डिप्लोमा घेऊन तिथे सरळ परीक्षेला बसता येईल का, तर नाही, त्यांच्या मान्यतेच्या कोर्समधून परत जावं लागतं. त्या बाई कागदाची घडी घालून म्हणाल्या, मग काकू, यानं करायचं काय? मुलगा खाली बघत बसला होता. त्याला मी विचारलं, तुला स्वतःला आवडतं का हे काम? तो म्हणाला, माहीत नाही काकू, कधी पाहिलंच नाही.

बघा ना. इंदुरात १८७८ पासून मेडिकल स्कूल होतं, एमजीएम मेडिकल कॉलेज १९४८ चं, गल्लोगल्ली डायग्नोस्टिक सेंटर, आणि बारावीच्या मुलानं एक्स-रे कसा काढतात हे कधी पाहिलेलं नाही, पेशंट म्हणून गेला असेल तेवढंच. मी त्याला माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे पाठवलंय, एक दिवस काचेमागे उभं राहून नुसतं बघ म्हटलं. तो गेला आणि संध्याकाळी येऊन तासभर बोलत होता, एका आजोबांना स्ट्रेचरवरून टेबलावर कसं घेतलं तेच तीनदा सांगितलं. एक्स-रेबद्दल फार काही बोलला नाही. माझ्या मते हे लक्षण चांगलं आहे.

तर संपादक साहेब, तुमच्या ‘बारावीनंतर काय’वाल्यांना एवढं सांगाल का. पुढच्या वेळी चार ओळीच द्या हवं तर, पण त्यात ‘छोटा कोर्स’ लिहू नका. त्याऐवजी हे छापा की फी भरायच्या आधी कॉलेजला विचारा की क्लिनिकल कुठल्या हॉस्पिटलात, आणि मग आईबापांनी त्या हॉस्पिटलच्या एक्स-रे डिपार्टमेंटला सकाळी दहाला जाऊन बघावं की त्या कॉलेजची पोरं खरंच उभी आहेत का. परिषदेच्या यादीत त्या सालची मान्यता आहे का तेही बघा, मागच्या सालची दाखवतात. मागची बॅच कधी सुरू झाली आणि निकाल कधी लागला हे मागच्याच बॅचच्या मुलांना विचारा, ऑफिसात विचारू नका. आणि तुमचा एखादा वार्ताहर मोकळा असेल तर त्याला इंदूरच्या चार-पाच कॉलेजांत पाठवून ते पूर्ण झालेले, पास झालेले, नोकरी लागलेले असे तीन आकडे मागायला लावा, देतात का तेवढंच छापा. मी सोबत यायला तयार आहे, तशीही घरीच असते आणि कुठल्या कॉलेजातलं मशीन नुसतं उद्घाटनापुरतं आहे हे मला प्लगकडे बघून कळतं.

सुनेची शेवटची सेमिस्टर चालू आहे. काल रात्री फोनवर विचारत होती की आई, ‘सांस लो, रोको, छोड़ो’ हे मराठीत तुम्ही कसं म्हणायचात, तिच्याकडे एक मराठी आजी येतात आणि त्यांना इंग्रजी कळत नाही. मी म्हटलं, अगं मी अडतीस वर्षं हिंदीतच म्हटलं, मराठीत कधी वेळच आली नाही. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं, ‘आजी, मोठा श्वास घ्या, तसाच धरून ठेवा, हां, आता सोडा.’ त्यातलं ‘हां’ तिनं वहीत लिहून घेतलं.

आपली,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन,
लोकमान्य नगर, इंदूर